कच्चं मडकं, पक्कं प्रमाणपत्र
मराठी साहित्यातील मोठ्या माणसाच्या शिक्षणाविषयी

मराठी कथा-कादंबरीत शाळेला तोटा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वस्तीवर गेलेला पोरसवदा मास्तर आहे, मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) नववीचा अख्खा वर्ग आहे. कॉलेजही आहे. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर ‘कोसला’त (१९६३) पुण्याला शिकायला जातो, आणि त्यांच्याच चांगदेवाच्या कादंबऱ्यांत गावोगावच्या कॉलेजांचे पोट आतून दिसते. पण दिवसभराचे काम आटोपून, पदरचे पैसे भरून, आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसलेला पस्तिशीचा माणूस शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. शिवणक्लास, टायपिंगचे इन्स्टिट्यूट, एमएससीआयटीचे केंद्र, वायरमन-वेल्डरचा कोर्स या खोल्या महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. आपल्या कादंबरीत त्या जवळजवळ नाहीत.

हा अभाव मला पैनगंगेकाठच्या कनेरगाव नाक्यावर राहून अधिक जाणवतो. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, अशा सरहद्दीवरचे हे गाव. नाव मराठी, आडनाव ‘नाका’. नाक्यावर माणसाला अडवून त्याच्याजवळ काय आहे ते विचारतात आणि कागद पाहून पुढे सोडतात. हिंगोली किंवा वाशीमच्या एसटीत बसणाऱ्या तरुणांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या फायलींत हेच कागद असतात: टंकलेखन, संगणक, कुठला तरी तीन महिन्यांचा कोर्स. त्या कागदांमागे शिकणे किती आणि अडवणे किती, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा आहे तितकाच साहित्याचाही आहे, असे मला वाटते. मोठ्या वयात शिकणाऱ्या माणसाविषयी आपण कोणत्या भाषेत बोलतो, यावर त्याला कसे वागवले जाते हे ठरते.

या लेखात मी काही जुने-नवे मजकूर एका कसोटीवर तपासून पाहणार आहे. कसोटी साधी आहे. शिकायला आलेल्या मोठ्या माणसाला आधीच काहीतरी येते आणि त्याच्याजवळ गमावण्यासारखेही काहीतरी असते, हे त्या मजकुराला ठाऊक आहे का?

गोरोबांचे थापटणे

ही कसोटी मला बाहेरून आणावी लागली नाही. ती आमच्या जिल्ह्याशी जोडलेल्या एका जुन्या कथेतच आहे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यात, आणि त्यांना गुरू भेटला ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) घराघरांत पोचलेली कथा सर्वांना माहीत आहे. संतांचा मेळा गोरोबा कुंभारांच्या घरी जमलेला असतो. मुक्ताबाई कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारते. मडकी कच्ची की पक्की हे पाहण्याचे साधन, असे गोरोबा सांगतात. मग आमचीही पारख करा, असे ती म्हणते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव मात्र रागावतात. निकाल लागतो: हे मडके कच्चे.

कीर्तनात ही कथा अहंकार आणि गुरूचे महत्त्व सांगण्यासाठी येते. ते ठीकच आहे. पण ती शिक्षणाची कथा म्हणून वाचली तर तिच्यात चार गोष्टी दिसतात.

पहिली, परीक्षक कारागीर आहे. पंडितांच्या सभेत ही परीक्षा होत नाही, कुंभाराच्या अंगणात होते, आणि मोजमापाचे साधन त्याच्या रोजच्या कामातले आहे. हाताचे ज्ञान इथे आत्म्याचे माप घेते, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

दुसरी, जो नापास होतो तो कोरा नाही. नामदेव शिंप्याच्या घरातले. विठ्ठलाशी त्यांची सलगी सर्वांना ठाऊक. त्यांचे नाव झालेले आहे. म्हणूनच त्यांना लागते. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नसते त्याला थापटण्याचा अपमान वाटत नाही. मोठ्या वयात शिकण्याची सारी अडचण या एका रागावण्यात आली आहे.

तिसरी गोष्ट कुंभाराला विचारली की कळते. कच्चे मडके म्हणजे वाया गेलेले मडके नव्हे. ते अजून पाण्यात विरघळवून पुन्हा चाकावर घेता येते. भाजलेले मडके फुटले की त्याची माती होत नाही, खापर होते. ‘कच्चे’ हा दोषाचा शब्द आहे तसाच शक्यतेचाही आहे.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. निकालानंतर कथा थांबत नाही. नामदेव पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घालतात, आणि विठ्ठल त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवतो. म्हणजे परीक्षेपाठोपाठ पत्ता मिळतो. जो मागे ठरला त्याने पुढे कुठे जावे हे त्याला सांगितले जाते. पुढे परंपरेने नामदेवांचा प्रवास पंजाबपर्यंत नेला आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आली. कच्चे ठरलेले मडके इतके दूर गेले, कारण कच्चे ठरवणाऱ्यांनी त्याला दारातूनच परत लावले नाही.

शिकणाऱ्याला आधीच काय येते याची दखल, त्याच्या लाजेची जाणीव, आणि निकालानंतरचा पत्ता, या तीन गोष्टी मी पुढच्या मजकुरांत शोधतो.

हुन्नर, कसब, कौशल्य

त्याआधी शब्दांकडे पाहू. आज सरकारी कागदांत एकच शब्द आहे: कौशल्य. कौशल्य विकास, कौशल्य केंद्र, कौशल्य मंत्रालय. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र दुसरे दोन शब्द असत: हुन्नर आणि कसब. हुन्नर फारसीतून आला, कसब अरबीतून. अरबीत ‘कस्ब’ म्हणजे मिळवणे, कमावणे. मराठीत येताना या शब्दाने कमाई आणि कुशलता दोन्ही सोबत आणल्या. ‘त्याच्या हातात कसब आहे’ असे म्हटले की तो माणूस चांगले काम करतो आणि त्यावर पोट भरतो, असे दोन्ही अर्थ एका दमात निघतात.

‘कौशल्य’ शब्दात कमाई नाही. कुश नावाचे धारदार गवत बोट न कापता खुडणारा तो कुशल, अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. सुरेख शब्द आहे, पण तो गुणाचे नाव आहे, धंद्याचे नाही. कसबाचे कौशल्य झाले तेव्हा पोटाचा प्रश्न शब्दाबाहेर गेला आणि वेगळ्या रकान्यात बसला. आता माणूस कौशल्य मिळवतो आणि रोजगार शोधतो. कसब असलेल्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नव्हत्या.

तरी जुन्या शब्दाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. याच ‘कसब’पासून मराठीत ‘कसबीण’ झाला. पुरुष स्वतःच्या हुन्नरावर कमावतो तेव्हा तो कसबी, वाखाणण्याजोगा. बाई कमावते तेव्हा त्याच शब्दाची शिवी होते. शिवणक्लासला किंवा नर्सिंगच्या कोर्सला निघालेल्या बाईकडे वेशीवरची नजर ज्या संशयाने पाहते तो संशय आपल्या शब्दकोशातच नोंदवलेला आहे. आणि पुरुषांची कसबेही जातीने वाटून दिलेली होती. शब्दात पोट होते खरे, पण ते पोट कुणी कोणत्या कामावर भरायचे हे जन्माआधीच ठरलेले होते.

नांगराची परीक्षा

इथे जोतीराव फुल्यांकडे यावे लागते. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मोठ्या माणसाच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला आधुनिक इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. या यादीत पुस्तक आणि शेत शेजारी बसले आहेत, एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवलेले नाही.

पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते दुसऱ्याच वर्षी पुरे झालेले ‘शेतकऱ्याचा असूड’. त्यात फुले पाटीलकीची सनद शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाला बांधतात. पाटीलकी वतनाने नव्हे, परीक्षेने मिळावी, म्हणजे लोक आपण होऊन मुलांना शिकवतील, असा त्यांचा हिशेब. शेतीबरोबर सुतारी-लोहारीही त्यांच्या विचारात आहे. ही सूचना आजच्या कौशल्याच्या भाषेहून मुळातच वेगळी आहे. आज कौशल्य शिकणाऱ्याला शेवटी काय मिळते? रांगेत उभे राहण्याची पात्रता. फुल्यांच्या परीक्षेच्या शेवटी गावाची सत्ता आहे. शिकणाऱ्याच्या हातात अधिकार गेला नाही तर त्याचे शिकणे दुसऱ्याच्याच कामी येते, हे त्यांनी ओळखले होते.

ही ओळख किती आवश्यक होती हे पुढच्या शतकाने दाखवले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली: हस्तोद्योगाच्या आधाराने सारे शिक्षण. विचार म्हणून ती मोठी आहे. पण ज्यांच्या हातांवर पिढ्यान्‌पिढ्या एकच उद्योग लादला गेला त्यांना हस्तोद्योग हा शब्द कसा ऐकू येईल? डॉ. आंबेडकरांनी आदल्याच वर्षी, १९३६ साली, जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे हे दाखवून दिले होते. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. ही कुळाच्या धंद्याची सक्ती आहे असे म्हणत लोक उठले, आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली.

म्हणून कसोटीला आणखी एक पदर जोडतो. शिकणाऱ्याला आधीच काय येते याची दखल घ्यावी, पण ते येते म्हणून त्याला तिथेच जखडून ठेवू नये. कुंभाराला माती कळते हे मान्य करणे वेगळे, आणि त्याने माती सोडून दुसरे काही शिकू नये असे ठरवणे वेगळे.

बायकांनी लिहिलेली पाने

मोठ्या माणसाचे शिकणे मराठी कादंबरीत नाही असे मी सुरुवातीला म्हटले. आत्मचरित्रांत मात्र ते आहे, आणि सर्वांत चांगले बायकांच्या आत्मचरित्रांत आहे.

रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आपण रानड्यांच्या सहवासाचे पुस्तक म्हणून वाचतो. ते तितकेच संसारात पडल्यावर शिकणाऱ्या बाईचे पुस्तक आहे. त्यात धडे आहेत आणि धड्यांच्या भोवतीचे घर आहे. वर शिकवणारा नवरा, खाली टोमणे मारणाऱ्या घरातल्या बायका, आणि मधल्या जिन्यावर दोन्हींना तोंड देणारी विद्यार्थिनी. या पुस्तकातला खरा अभ्यासक्रम इंग्रजीचा नाही. आपले हसू होऊ देऊन शिकत राहण्याचा तो अभ्यासक्रम आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू करून मोठ्या वयाच्या बायकांना परिचारिका आणि शिक्षिका होण्याची वाट त्यांनी उघडली, तेव्हा त्या जिन्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त शिकवणारा नवरा लहरी आहे. शिकवणी सुरू होते, मोडते, पुन्हा सुरू होते. लक्ष्मीबाई ते इतक्या मोकळ्या विनोदाने सांगतात की वाचकाला हसताना कळतच नाही की शिकवणाऱ्याच्या लहरीवर शिकणाऱ्याचे नशीब टांगलेले असण्याची ती अत्यंत नेमकी नोंद आहे. आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) आणखी वेगळे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई. केशवपन झालेल्या, घरकामात मुरलेल्या बाईने मुळाक्षरांपासून सुरुवात करायची म्हणजे काय, हे या पुस्तकात कसलाही आव न आणता आले आहे.

या तिन्ही पुस्तकांत नामदेवांच्या कथेतली लाज आहे. शिकणाऱ्या बाईला पुष्कळ काही आधीच येते, हेही आहे. स्वयंपाक, आजारपण, पाहुणेरावळे, माणसे सांभाळणे यांत ती तरबेज आहे, आणि पाटीपुढे बसल्यावर ती एकाएकी अडाणी ठरते. हा एकाच दिवसात होणारा चढ-उतार सोसणे ही मोठ्या माणसाच्या शिक्षणातली अवघड गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी बायकांनी ती लिहून ठेवली. आमच्या कादंबरीकारांनी ती उचलली नाही.

एका अर्थी याला कारण आहे. कादंबरीला बंड लागते किंवा वाताहत लागते. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) मराठवाड्यातल्या शिंप्याच्या घराची कहाणी आहे. गंगारामची बायको पारबती ती आपल्या बोलीत सांगते, आणि हाताशी कसब असूनही त्या घराची वाताहत टळत नाही. ती मोठी कादंबरी आहे. पण तिच्यापुढची कहाणी, म्हणजे वाताहतीनंतर कुणीतरी तालुक्याला जाऊन दुसरे काम शिकते ती, संथ असते. आठवड्यातले तीन दिवस, सहा महिने, एक परीक्षा. यात नाट्य कमी, म्हणून ती लिहिली गेली नसावी.

रस्त्यावरचे विद्यापीठ आणि फायनलची परीक्षा

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी कसबाची दुसरी बाजू उघडी केली. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या पुस्तकाचे नावच कामाच्या जातीय मोबदल्याचे आहे. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाड्यांची फोक-टोपल्यांची कला आहे, तिच्यामागची पायपीट आणि भूक आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोराला मार खायला शिकवणे हेही प्रशिक्षणच असते, आणि त्यातून बाहेर पडणारा तरुण लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो. या पुस्तकांनंतर ‘पारंपरिक कौशल्य जपा’ असे सहज म्हणण्याची सोय उरली नाही. तिथे कसब सोडणे हेच शिक्षण आहे.

नारायण सुर्व्यांचे उदाहरण या दोन्हींच्या मधले आहे. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाच्या नावाने रस्ता, गिरणी आणि कामगार वस्ती हेच आपले विद्यापीठ असल्याचे सुर्व्यांनी जाहीर केले. गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाच्या नावाची आठवण त्यात आहे. समीक्षेने हे नाव उचलून धरले. पण सुर्व्यांच्या आयुष्यात आणखी एक शिक्षण होते. शाळेत शिपाई म्हणून काम करणाऱ्या सुर्व्यांनी मोठेपणी परीक्षा दिली आणि ते शिक्षक झाले. रस्त्याच्या विद्यापीठाबद्दल आपण भरभरून लिहितो. कामाहून परतलेला प्रौढ माणूस परीक्षेचे पुस्तक उघडून बसतो त्या रात्रींबद्दल लिहीत नाही.

मला यात समीक्षेची एक खोड दिसते. अनुभवाने शिकलेला माणूस तिला प्रिय आहे, कारण तो तिच्या परीक्षेला बसत नाही. वर्गात बसून शिकणारा प्रौढ मात्र तिला केविलवाणा वाटतो. विद्यापीठाबाहेर राहून वाचणाऱ्या माझ्यासारख्यांना ही खोड ओळखता येते. आम्हाला ‘अनुभवसंपन्न’ म्हणतात. संदर्भ तपासायला कसे शिकलात, हे कुणी विचारत नाही.

परिपत्रकाची भाषा

आता त्या मजकुरांकडे वळू जे साहित्य म्हणून वाचले जात नाहीत, पण ज्यांचे वाचक कादंबरीपेक्षा कितीतरी जास्त आहेत: संस्थांची नावे, योजनांची माहितीपत्रके, भरतीच्या जाहिराती.

१९६७ साली मुंबईत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना कामाचे व जगण्याचे शिक्षण द्यावे, ही त्यामागची कल्पना. नावातले दोन्ही शब्द पाहा. शिकणारा श्रमिक आहे, म्हणजे तो काम करतोच आहे. आणि जिथे तो शिकतो ते विद्यापीठ आहे, क्लास नव्हे. २००० साली देशभरच्या या संस्थांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले. श्रमिकाचा जन झाला, विद्यापीठाचे संस्थान झाले. २०१८ साली हा सारा कारभार मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठी या संस्था आजही काम करतात, आणि ते काम मोलाचे आहे. पण नावाच्या या प्रवासात शिकणाऱ्याची ओळख पुसट होत गेली. आधी तो कोण आहे हे सांगितले जात होते. आता त्याच्यात काय कमी आहे एवढेच सांगितले जाते.

भरतीच्या जाहिरातीत तर माणूस वेगाने मोजला जातो. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०, आणि एमएससीआयटी. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्यानंतर एमएससीआयटी खेड्यापाड्यांत पोचली. तिने कितीतरी जणांची संगणकाची भीती मोडली, हे तिचे श्रेय आहे. पण शासकीय नोकरीसाठी ती अट झाली आणि शिकण्याचा नाका झाला. अट पूर्ण करणाऱ्याला काय येते यापेक्षा त्याच्याजवळ कागद आहे का, हा प्रश्न उरला.

परदेशात या कामासाठी वेगळी घरे बांधली गेली. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविगच्या प्रेरणेने १८४४ साली रोडिंगला पहिले लोकविद्यालय निघाले. तरुण शेतकऱ्यांसाठी काढलेल्या या शाळांची परंपरा परीक्षा न घेण्याची आहे. अमेरिकेत १९०१ साली जोलिएटला सुरू झालेल्या कॉलेजातून कम्युनिटी कॉलेजांची वाट निघाली. आपल्याकडे पुदुच्चेरीला १९९५ साली असे पहिले कॉलेज निघाले, आणि २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ती देशभर मंजूर केली. कल्पना अशी की परिसरातल्या उद्योगांना विचारून अभ्यासक्रम ठरवावा. इथे मी थबकतो. उद्योगाला विचारायचे ठरले आहे. शिकणाऱ्याला काय विचारायचे ठरले आहे?

याचे उत्तर देण्याचा सरकारी प्रयत्न झालेला आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१५ सालच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या शिकण्याला मान्यता देण्याची सोय आहे. गवंडी, सुतार, प्लंबर अशा अनुभवाने शिकलेल्या माणसाची पारख करून त्याला प्रमाणपत्र द्यायचे. हे गोरोबांचे थापटणेच आहे. पण या थापटण्याच्या पुढे औंढा नाही. पारख झाली, कागद मिळाला, कथा संपली. वीस वर्षे भिंती उभारणाऱ्या गवंड्याला आपण गवंडी असल्याचे कळवले, यात नवे काय झाले? त्याला नकाशा वाचायला, अंदाजपत्रक करायला, ठेकेदाराच्या मापात चूक दाखवायला कोण शिकवणार? फुल्यांची पाटीलकी ती हीच.

माझ्या कसोटीच्या जवळ येणाऱ्या दोन गोष्टी मला महाराष्ट्रात दिसतात. एक, १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम. बारावी न झालेल्या माणसालाही तो पदवीच्या दारापर्यंत नेतो. ‘तू कच्चा आहेस’ असे सांगून परत न पाठवता ‘इथून सुरुवात कर’ असे सांगणारा हा पत्ता आहे. दुसरी, शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली तो सुरू केला. तिथे शाळेत न रमलेली मुले वर्षभर राहतात. वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती-जनावरे, घर आणि आरोग्य अशी अनेक प्रकारची कामे शिकतात, आणि शिकता शिकता गावाची खरी कामे करतात. एका जातीला एक कसब ही बेडी इथे तुटते, कारण प्रत्येकजण सगळ्याला हात घालतो. आणि गावाला उपयोगी पडलेला मुलगा कच्चा म्हणून घरी परतत नाही. पाबळची माहितीपत्रके वाचताना त्यांतला विद्यार्थी मला रिकाम्या भांड्यासारखा दिसत नाही, हे वाचक म्हणून मला महत्त्वाचे वाटते.

औंढ्याची नवी परीक्षा

विसोबा खेचर भेटले त्या औंढ्याच्या परिसरात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांत जवळजवळ निर्वात नळ्या, आणि त्या नळ्यांतून ये-जा करणारा लेसर. अवकाशाचे ताणणे मोजणारी ही शाळा शास्त्रज्ञांची आहे. पण नळीचा जोड मारणारा वेल्डर, निर्वात पंपाकडे पाहणारा तंत्रज्ञ, विजेचे काम करणारा, नोंदी ठेवणारा, ही माणसेही तिला लागतील.

ती कुठून येणार, हा हिंगोली जिल्ह्यापुढचा खरा प्रश्न आहे. आमच्या तालुक्यांतली तरुण मुले तिथे फाटकावरचे रखवालदार म्हणून जातील की आत हातात मोजमाप घेऊन? जे पोर आज गावात मोटारी भरते, पंप उचकटून दुरुस्त करते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जोड मारते, त्याला बरेच येते. नवीन काय शिकावे लागेल आणि ते कुठे शिकायला मिळेल, एवढा पत्ता त्याला कुणी वेळेवर दिला पाहिजे. तो दिला नाही तर दहा वर्षांनी ‘स्थानिकांत कौशल्य नव्हते’ असे एक वाक्य कुठल्या तरी अहवालात येईल, आणि ते खोटे असेल.

साहित्याचे काम अभ्यासक्रम आखण्याचे नाही. पण असे वाक्य लिहिले जाण्यापूर्वी त्या पोराला कुणीतरी नीट पाहिलेले असावे, हे साहित्याचे काम आहे. रमाबाईंनी आपला जिना लिहिला, लक्ष्मीबाईंनी आपली मोडलेली शिकवणी लिहिली, म्हणून त्या काळच्या शिकणाऱ्या बाईला कोरी पाटी म्हणण्याची आज कुणाची हिंमत होत नाही. टायपिंगच्या खोलीतल्या खडखडाटात बसलेली, शिवणक्लासला जाण्यासाठी एका दिवसाचा रोज बुडवणारी, पोरांच्या वयाच्या मास्तराला ‘सर’ म्हणणारी माणसे अजून कुणी लिहिलेली नाहीत. ती लिहिली जाईपर्यंत त्यांच्याविषयीची सगळी वाक्ये परिपत्रकांचीच राहतील.